हरणासाठी कॅलिबर निवडताना बरगडीपासून मागे मोजत या

बंदुकीच्या दुकानात काउंटरपाशी उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला: "कोणतं कॅलिबर घेऊ?" म्हणजे किती जाड गोळीची बंदूक. इथेच घोडं पेंड खातं. गोळीला काम करायचंय ते हरणाच्या बरगडीत, आणि आपण हिशेब सुरू करतो नळीच्या तोंडापासून. त्यापेक्षा उलटं चला. बरगडीला लागताना गोळीचा वेग किती हवा? ती किती अंतरावरून येणार? तेवढ्या अंतरावर तुमचा हात स्थिर राहतो का? आणि तेवढ्यासाठी खांद्याने किती धक्का सोसायचा? या चारही प्रश्नांत बसणारं सगळ्यांत सौम्य काडतूस तुमचं. दुकानदार, मेव्हणा आणि ऑफिसातला अनुभवी सहकारी याहून मोठं काहीतरी सुचवतील. ऐकून घ्या, घाई करू नका.

हे सगळं मुख्यतः अमेरिकेतल्या व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हरणाची शिकार हा गुन्हा आहे, आणि तिथे या लेखाचा काही उपयोग नाही. अमेरिकेत मात्र हरणांची संख्या आटोक्यात ठेवायला प्रत्येक राज्य दरवर्षी परवाने आणि टॅग देतं, हंगाम ठरवतं, आणि कोणती बंदूक चालेल तेही ठरवतं.

आधी नियमांची पुस्तिका

कॅलिबरचा अर्धा निकाल तुमच्या पत्त्यावरच लागतो. न्यू जर्सीत हरणावर नेहमीची काडतुशी रायफल चालतच नाही. तिथे छऱ्याची बंदूक (शॉटगन), ठासणीची बंदूक किंवा धनुष्यबाण. तिथल्या एडिसनला राहणाऱ्याने हौसेने .३०८ रायफल घेतली तर ती डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात न्यावी लागते. पेनसिल्व्हेनियात रायफल चालते, पण हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक चालत नाही. बोल्ट, लिव्हर किंवा पंप हवी, म्हणजे दर बारानंतर पुढचं काडतूस हाताने चढवायची.

ओहायोत सरळ भिंतीच्या काडतुसांनाच परवानगी आहे. म्हणजे पितळी नळकांडं तोंडाशी निमुळतं न होता सरळ असलेलं, .३५७ ते .५० इंच व्यासाचं. मिशिगनच्या दक्षिण भागातही सरळ भिंतीचंच, पण तिथे नळकांड्याची लांबीही ठरवून दिली आहे: १.१६ ते १.८० इंच. म्हणून .४५-७० हे जुनं भारदस्त काडतूस ओहायोत चालतं आणि मिशिगनच्या त्या पट्ट्यात चालत नाही, कारण त्याचं नळकांडं २.१०५ इंचांचं. .३५० लेजंड (विंचेस्टरने २०१९ मध्ये आणलेलं) आणि .४५० बुशमास्टर ही दोन्ही ठिकाणी बसतात.

कोलोरॅडोत किमान .२४ इंच व्यास, हरणासाठी किमान ७० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) गोळी आणि १०० यार्डांवर किमान १००० फूट-पाउंड ऊर्जा, असे तिन्ही आकडे कायद्यातच आहेत. व्हर्जिनियात किमान .२३. त्यामुळे .२२३ रेमिंग्टन (गोळीचा व्यास .२२४) दोन्हीकडे बाद. टेक्सासात ती चालते, मात्र .२२ रिमफायर (छोटं, हलकं काडतूस) तिथेही हरणाला चालत नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही शिकारीला शिशाची गोळी बंद, म्हणजे तांब्याची घ्यावी लागते आणि तिचा वेगाचा हिशेब वेगळा. नियम बदलतात, मोठ्या शहरांभोवती वेगळे असतात, तेव्हा चालू वर्षाची पुस्तिका बघा, गेल्या वर्षीची नको.

आपल्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट, आणि ती कॅलिबरपेक्षा महत्त्वाची. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या माणसाला संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. अपवाद असतो तो कोणत्याही एका राज्याचा वैध शिकार परवाना असलेल्यांना. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला. मित्राची रायफल रेंजवर हातात घेणं हेसुद्धा 'जवळ बाळगणं' धरलं जाऊ शकतं, म्हणून क्रम असा ठेवा: हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग परवाना, मग बंदुकीला हात. राज्याचे स्वतःचे बंदूक खरेदीचे नियम याच्या वर वेगळे. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही.

नावांचा घोळ

कॅलिबर म्हणजे गोळीचा (साधारणपणे नळीच्या आतला) व्यास. काडतूस म्हणजे नळकांडं, दारू, प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी) आणि गोळी मिळून झालेली वस्तू. बोलताना दोन्हींना कॅलिबर म्हणतात आणि तिथेच गोंधळ होतो. .३०-३०, .३०८ विंचेस्टर, .३०-०६ आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम या चौघांची गोळी एकाच व्यासाची, .३०८ इंच. फरक मागच्या दारूत. पहिल्याने खांदा हलतो, शेवटच्याने दात हलतात.

नावांना एकच एक नियम नाही. .३०-०६ मधला ०६ म्हणजे १९०६ साल. .३०-३० मधलं दुसरं ३० म्हणजे मूळ भरणीतली ३० ग्रेन दारू. .२७०ची गोळी प्रत्यक्षात .२७७ इंचांची. ७ मिमी-०८ म्हणजे .३०८च्या नळकांड्याचं तोंड आवळून त्यात बसवलेली ७ मिलिमीटरची गोळी. .२४३ देखील त्याच .३०८चं तोंड आणखी आवळून १९५५ मध्ये निघालं.

वजन ग्रेनमध्ये मोजतात. सोनाराकडे गेलेल्याला हे परकं वाटायला नको: जुना एक तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन, ११.६६ ग्रॅम. म्हणजे .३०-०६ची नेहमीची जड गोळी एक तोळ्याची, .२४३ची १०० ग्रेनची गोळी अर्ध्या तोळ्याच्या थोडी वर.

खोक्यावरचा तक्ता वाचायला शिका

हरणाचं काळीज आणि फुप्फुसं मिळून साधारण ८ इंच व्यासाचं वर्तुळ होतं. गोळी त्यात घुसायला हवी, आत फुलायला हवी, आणि शक्यतो पलीकडून बाहेर पडायला हवी. फुलणं वेगावर अवलंबून असतं. शिशाची साधी सॉफ्ट पॉइंट (टोकाशी मऊ शिसं उघडं असलेली) गोळी सेकंदाला १८०० फुटांच्या खाली गेली की नीट फुलण्याची खात्री उरत नाही. तांब्याच्या अखंड गोळ्यांना बहुधा २००० लागतात. नेमका आकडा गोळी बनवणाऱ्याच्या माहितीत असतो, तो शोधून काढा.

आता काडतुसांचं खोकं पालथं करा. .३०८, १५० ग्रेन, नेहमीची सॉफ्ट पॉइंट. तक्ता साधारण असा दिसेल: नळीच्या तोंडाशी २८२०, १०० यार्डांवर २५३३, २०० वर २२६३, ३०० वर २००९, ४०० वर १७७४. बोट खाली सरकवत १८००पर्यंत या. ते ३०० आणि ४००च्या मध्ये, ४००च्या जवळ सापडतं. म्हणजे गोळीची मर्यादा ३८०-३९० यार्ड. तीच गोळी तांब्याची असती, तर त्याच तक्त्यात मर्यादा ३००वर आली असती.

पण तो तक्ता २४ इंची चाचणी-नळीचा असतो. तुमची रायफल २० इंची असेल तर प्रत्येक इंचाला २० ते ३० फूट वजा करा, म्हणजे सुमारे १००. त्यामुळे मर्यादा तीस-चाळीस यार्डांनी मागे येते. हे खोक्यावर लिहिलेलं नसतं.

आता .३०-३०चा तक्ता बघा, १५० ग्रेन: २३९०, १९७३, १६०५, १३०३. १८००चा नियम लावला तर हे काडतूस दीडशे यार्डांवरच बाद होतं. पण लावायचा नाही. .३०-३०च्या चपट्या नाकाच्या गोळ्या मुळातच कमी वेगावर फुलतील अशा मऊ बनवलेल्या असतात. १८९५ पासून हे काडतूस जंगलात हरणं पाडतंय, आणि २०० यार्डांवर त्याची ऊर्जा ८५८ फूट-पाउंड, म्हणजे लोक डोळे झाकून सांगतात त्या '१००० फूट-पाउंड' नियमाच्या खाली. तो नियम ठोकताळा आहे. ऊर्जेचा आकडा गोळी फुलली की नाही हे सांगत नाही. कोलोरॅडोसारख्या राज्यात तो कायदा आहे म्हणून पाळायचा, बाकी ठिकाणी वेग आणि गोळीची घडण बघायची.

.२४३, १०० ग्रेन: २९६०, २६९७, २४४९, २२१५, १९९३. वेगात .३०८लाही मागे टाकतं. मग .२४३ सरस का? वेगात हो, वस्तुमानात नाही. बरगड्यांतून गेलेली १०० ग्रेनची गोळी फुप्फुसांची चाळण करते. तीच फऱ्याच्या जाड हाडावर बसली तर पलीकडे निघेलच असं नाही. बाहेर पडायचं भोक नसेल तर रक्त आत साठतं, जमिनीवर माग कमी सापडतो, आणि मचाणावरून खाली तिरका बार काढला असेल तर वरच्या भोकातून जवळजवळ काहीच गळत नाही. ओल्या पानगळीत संध्याकाळी हरीण साठ यार्डांवर पडलेलं असतं आणि सापडत नाही. .२४३ची खरी अडचण ही आहे, 'ताकद कमी पडते' ही नव्हे.

खांदा खोटं बोलत नाही

धक्काही फूट-पाउंडातच मोजतात. दुर्बिणीसकट साडेसात-आठ पाउंडांच्या रायफलीत ढोबळ आकडे असे: .२४३ नऊच्या आसपास, .३०-३० साडेदहा, ६.५ क्रीडमूर आणि ७ मिमी-०८ बारा-तेरा, .३०८ (१५० ग्रेन) सोळा, .२७० सतरा, .३०-०६ (१८० ग्रेन) वीस, .३०० विंचेस्टर मॅग्नम सव्वीसच्या वर. पंधरापर्यंत बहुतेकांना नीट सराव करता येतो. विसाच्या पुढे बहुतेकजण चाप दाबण्याआधीच अंग आखडतात, आणि आपण आखडतोय हे त्यांना कळत नाही.

धक्क्याची ऊर्जा बंदुकीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात जाते. आठ पाउंडांची .३०-०६ टाकून 'डोंगरात न्यायला हलकी' म्हणून सहा पाउंडांची घेतली की वीसचे सव्वीस-सत्तावीस होतात. मॅग्नम न घेता मॅग्नमचा धक्का विकत घेतला. हलकी रायफल हवीच असेल तर काडतूस एक पायरी खाली आणा.

मझल ब्रेकने (नळीच्या तोंडाला बसवायचा भोकांचा तुकडा) धक्का खरंच कमी होतो, पण आवाज बाजूला आणि मागे फेकला जातो. बंद झोपडीवजा ब्लाइंडमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला त्याचा त्रास भोगावा लागतो. कानाचं संरक्षण रेंजवर जेवढं, तेवढंच रानातही. एका बारानेही कानाचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

आखडणं तपासायची जुनी आणि बिनखर्ची रीत आहे. मित्राला सांगा, तुमच्याकडे न बघता रायफल भरून द्यायची, कधी खरं काडतूस, कधी नकली. (नकली म्हणजे बाजारात मिळणारं स्नॅप कॅप. जुनं काडतूस घरी रिकामं करून बनवू नका.) दहापैकी चार नकली. नकलीवर चाप दाबला की नळीचं टोक बघा. सरळ राहिलं तर उत्तम. खाली झुकलं किंवा डोळे मिटले तर ते काडतूस आज तुमच्यासाठी मोठं आहे. 'सवय होईल' म्हणून पुढे रेटलं की सवय आखडण्याची होते.

मग घ्यायचं काय

पेनसिल्व्हेनिया, न्यू यॉर्कचा वरचा भाग, व्हर्जिनिया, जॉर्जिया: दाट झाडी, बहुतेक बार शंभर यार्डांच्या आतले. इथे .३०८ आणि ७ मिमी-०८ यांपैकी काहीही घ्या. आमचं मत ७ मिमी-०८कडे झुकतं. १४० ग्रेनची गोळी २८६०च्या वेगाने सुटते, फऱ्यातून आरपार जाते, आणि खांद्याला .३०८हून थोडं कमी लागतं. पण नोव्हेंबरात हंगामाच्या आदल्या संध्याकाळी गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात .३०८, .३०-०६, .२७०, .२४३ आणि .३०-३० मिळण्याची शक्यता जास्त, ७ मिमी-०८ची कमी. वेळेवर साठा करणाऱ्याने ७ मिमी-०८, ऐनवेळी धावपळ करणाऱ्याने .३०८.

टेक्सासच्या हिल कंट्रीतली हरणं अंगाने लहान, आणि शिकार बरेचदा खासगी रानात, खाद्य टाकणाऱ्या फीडरपासून ऐंशी ते सव्वाशे यार्डांवरच्या ब्लाइंडमधून. रायफल खिडकीवर टेकलेली, हरीण उभं, अंतर आधीच मोजलेलं. इथे .२४३ किंवा ६.५ क्रीडमूर पुरून उरतं. तिथेच आपल्या ओळखीचा पाहुणाही भेटतो: चितळ. १९३२ मध्ये टेक्सासात आणलेलं हे हरीण तिथे ॲक्सिस म्हणून ओळखलं जातं. परकं जनावर असल्याने त्याला बंद हंगाम नाही, शिकार परवाना आणि जमीनमालकाची परवानगी असली की वर्षभर चालतं. पूर्ण वाढलेला चितळाचा नर तिथल्या व्हाइटटेलपेक्षा जड असतो, आणि चुकीच्या जागी गोळी लागली तर फार लांब जातो अशी त्याची ख्याती आहे. चितळासाठी .२४३ वापरायचीच तर १०० ग्रेनची बाँडेड (शिसं आणि कवच जोडलेली) गोळी आणि फक्त आडवा उभा असताना. नाहीतर ७ मिमी-०८ किंवा .३०८.

कोलोरॅडो, वायोमिंगकडे म्यूल डिअर (हरणाची दुसरी जात), उघडं माळरान आणि वारा. तीनशे यार्डांचा बार तिथे विशेष मानला जात नाही. इथे गोळी लांबट आणि हवा कापणारी हवी. .२७०ची १३० ग्रेन किंवा ६.५ क्रीडमूरची १४० ग्रेनच्या आसपासची. ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात २०० यार्डांवर .३०८ची साधी १५० ग्रेनची गोळी चार-साडेचार इंच सरकते, .३०-३०ची आठ-नऊ इंच. म्हणजे दुसरी गोळी नेम अचूक असूनही काळजाच्या वर्तुळाबाहेर. पुढेमागे एल्कवर (हरणाच्याच कुळातलं बरंच मोठं जनावर) जायचा विचार असेल तरच .३०-०६. एकाच रायफलीत सगळं भागवायचं असेल तर तिच्यासारखं दुसरं नाही, फक्त हरणासाठी मात्र ती गरजेपेक्षा जास्त आहे.

सरळ भिंतीच्या राज्यांत .३५० लेजंड. १५० ग्रेनची गोळी २३२५ने सुटते, धक्का सौम्य, मर्यादा दीडशे यार्डांच्या आसपास. .४५० बुशमास्टर २५० ग्रेनची गोळी २२००ने फेकते. हरीण पडतं यात शंका नाही, पण हलक्या रायफलीत तिचा धक्का नवख्याला पहिल्याच दिवशी आखडायला शिकवतो.

मुलांसाठी आणि किरकोळ अंगाच्या माणसांसाठी .२४३ हा ठरलेला सल्ला आहे, पण आम्ही तो अर्धाच मानतो. .२४३ चुकीच्या बाराला कमी माफ करते, आणि चुकीचा बार सगळ्यात जास्त नवखेच काढतात. ६.५ क्रीडमूर किंवा कमी भरणीचं ७ मिमी-०८ जास्त शहाणपणाचं. त्याहून मोठी चूक दस्त्यात असते. प्रौढाच्या मापाचा लांब दस्ता मुलाच्या खांद्याला नीट बसत नाही, बंदूक काखेकडे सरकते, आणि सौम्य काडतूसही लागतं. आधी दस्ता आखूड करून घ्या.

.२२३? कायद्यात बसत असेल आणि हरणासाठीच बनवलेली ६० ग्रेनच्या वरची बाँडेड किंवा तांब्याची गोळी असेल, तर शंभर यार्डांच्या आत, आडव्या हरणावर, कसलेल्या हातात चालते. पहिली रायफल म्हणून नाही.

गोळीची निवड चुकली की कॅलिबर काय करणार

.२४३ लिहिलेल्या खोक्यांत ५८ ग्रेनची गोळी मिळते आणि १०० ग्रेनचीही. पहिली कोल्ह्या-घुशींसाठी. ती फऱ्यावर बसली तर कातडीखालीच चिंध्या होते, वर मोठी जखम दिसते आणि हरीण पळून जातं. उलट पूर्ण तांब्याचं कवच असलेली एफएमजे गोळी न फुलता सुईसारखी आरपार जाते. अनेक राज्यांत ती हरणासाठी बेकायदा आहे, आणि कायदेशीर असती तरी वापरू नये. टार्गेटवर अचूक लागणाऱ्या मॅच गोळ्यांचंही तसंच, त्या कागदासाठी बनवलेल्या असतात.

शंभर यार्डांच्या आतल्या नेहमीच्या शिकारीला साधी सॉफ्ट पॉइंट, म्हणजे रेमिंग्टनची कोअर-लोक्ट किंवा तशी कुठलीही, पुरते. कमी पैशांत काम होतं. बाँडेड गोळीत शिसं आणि कवच एकमेकांना जोडलेलं असतं, ती हाडावर तुटत नाही, म्हणून कॅलिबर जितकं लहान तितकी तिची गरज जास्त. अखंड तांब्याची गोळी सगळ्यांत खोल जाते आणि मांसात शिशाचे कण सोडत नाही. घरात लहान मुलं ते मांस खाणार असतील तर हा मुद्दा छोटा नाही. मात्र तांब्याची गोळी त्याच वजनाला लांब असते, आणि नळीतले पीळ तिला पुरेसे फिरवतील का ते पाहावं लागतं. दहा इंचांत एक पीळ असलेल्या .२४३त शिशाची १०० ग्रेनची गोळी स्थिर उडते, तेवढ्याच वजनाची तांब्याची डगमगू शकते. तांब्यात ८०-८५ ग्रेनला उतरा.

मांस वाया जाण्याचं कारण बहुधा कॅलिबर नसतं. चाळीस यार्डांवर ३००० फुटांच्या वेगाची हलकी गोळी फऱ्यावर मारली की अख्खा फरा रक्ताळून टाकून द्यावा लागतो. फऱ्यामागे, पुढच्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर, छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर नेम धरला तर दोन बरगड्यांपलीकडे काही जात नाही. हरीण पाठमोरं तिरकं असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाचा नेम घ्या. तोंड तुमच्याकडे करून तिरकं असेल तर थांबा. कुठलंही कॅलिबर त्या कोनाला सोपं करत नाही.

थाळीची परीक्षा

रायफल आणि गोळी ठरली की एकाच लॉट नंबरची (एकाच खेपेत बनलेली) तीन खोकी घ्या, साठ काडतुसं. लॉट नंबर खोक्याच्या झाकणाच्या आत किंवा पाकळीवर छापलेला असतो. लॉट बदलला की लागण्याची जागा इंच-दीड इंच सरकू शकते, आणि मग दोष दुर्बिणीला दिला जातो.

पहिल्या वीसमध्ये टेबलावर रेती-पिशव्यांवर टेकवून नेम जुळवा. आधी २५ यार्ड, मग १००. तीन-तीन बार काढा आणि मध्ये नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबा. बारीक नळी तापली की गोळ्या चढत जातात, आणि रानात तुमचा पहिला बार थंड नळीचाच असणार. .३०८, .२७०, ६.५ क्रीडमूर अशा काडतुसांना १०० यार्डांवर दोन इंच वर लागेल असं ठेवा. मग २००वर जवळजवळ बरोबर मध्यावर लागते, आणि .३०८ ३००वर सुमारे नऊ इंच खाली. म्हणजे अडीचशेच्या आत वर-खाली हिशेब करावा लागत नाही. .३०-३०ला हा खेळ दोनशेच्या आतच संपतो.

पुढच्या तीसांत टेबल सोडा. आठ इंची कागदी थाळ्या लावा आणि बसून, गुडघ्यावर, दोन काठ्यांच्या टेकूवर, जसं रानात माराल तसं मारा. पन्नास यार्डांवर पाचपैकी पाच थाळीत गेल्या तर पंचाहत्तरवर जा, मग शंभर, मग दीडशे. ज्या अंतरावर एकही थाळीबाहेर गेली, त्याच्या अलीकडचं अंतर ही तुमची मर्यादा. बहुतेकांची दीडशेच्या आत येते. मग चारशे यार्डांच्या मॅग्नमला पैसे कशासाठी मोजले, असा प्रश्न रेंजवरच पडतो, आणि तो खरेदीआधी भाड्याच्या किंवा मित्राच्या रायफलीवर पडला तर बरं.

उरलेली दहा शिकारीला.

काडतुसांची सरमिसळ

नळीवर जे कोरलंय तेच काडतुसाच्या बुडावर कोरलेलं हवं, अक्षरन् अक्षर. .२७० विंचेस्टर आणि .२७० डब्ल्यूएसएम (विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम) ही दोन वेगळी काडतुसं आहेत. सगळ्यात धोक्याची जोडी .३०० ब्लॅकआउट आणि .२२३. ब्लॅकआउटचं काडतूस .२२३च्या नळीत कधीकधी बसतं, आणि बार काढला की जाड गोळी बारीक नळीत अडकून बंदूक फुटते. एका घरात ही दोन्ही असतील तर मॅगझिनना वेगळ्या रंगाची टेप लावा आणि एका दिवशी एकच बाहेर काढा.

.३०-३०च्या लिव्हर रायफलीत काडतुसं नळीखालच्या लांब मॅगझिनमध्ये एकामागे एक बसतात, पुढच्याच्या प्रायमरला मागच्याचं नाक टेकतं. म्हणून तिथे टोकदार कडक गोळी घालायची नाही, धक्क्याने आतच बार उडू शकतो. चपट्या नाकाच्या किंवा रबरासारखं मऊ टोक असलेल्या, याच रायफलींसाठी बनवलेल्या गोळ्याच घ्या.

शिकारीच्या आदल्या रात्री जॅकेटचे सगळे खिसे उलटे करा. गेल्या हंगामातलं दुसऱ्या रायफलीचं एखादं काडतूस तिथेच निघतं.